कोपऱ्यावरचा आवाज

चिरंजीवांनी आवाजाच्या हौसेपायी गाडीच्या टर्बोतली जादा हवा सोडणारा डंप व्हॉल्व काढून टाकला, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून ॲक्सिलरेटर सोडला की गाडी ‘सुतुतुतु’ करते. आता तो आवाज कोपऱ्यावर आला की सूनबाई तिनेच गुपचूप दिलेली माझी बासुंदीची वाटी दडवते. डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय ना!

आज तो आल्या आल्या म्हणाला, “मेकॅनिक म्हणतोय, व्हॉल्वशिवाय टर्बो लवकर जाईल. उद्या बसवून घेतो.”

“नको!” सूनबाई आणि मी एकदमच ओरडलो.

“आवाज झकास आहे रे,” मी सावरून घेतलं.

त्याचे डोळे भरून आले. “बाबा, पहिल्यांदाच तुम्ही माझ्या गाडीला चांगलं म्हणालात!” तो पाया पडायला वाकला.

वाटी माझ्या खुर्चीखालीच होती.