एका खेपेची ट्रॉली

सुज्ञ वाचकहो! सन १९८३ च्या हिवाळ्यात, ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीपायी माझी अब्रू कशी पणास लागली, त्याचे निवेदन मी पुढे नेमक्या शंभर शब्दांत सविनय सादर करीत आहे.

कन्येस पाहण्यासाठी दुपारी पाहुणे येणार होते. आधीचे स्थळ पडके घर पाहूनच परतले होते. भिंतीचा मलबा आम्ही पतिपत्नींनी थकूनभागून दारासमोर जमविला. भाड्याची ट्रॉली एकाच खेपेपुरती मिळाली. पुढे तिच्यातून कापूस जायचा होता. ती उभी राहताच शेजारी धावले. “मामाजी, छपराचे फुटके कवेलू जाऊ द्या!” कोणी मोडकी खाट आणली. भिंत कोसळली तेव्हा यांनीच आसरा दिला होता. नकार कोणत्या मुखाने द्यावा? ट्रॉली त्यांच्याच कचऱ्याने भरून निघून गेली. “तुमच्या तोंडाले कुलूप लागलं होतं काय जी?” पत्नी म्हणाली. तोच पाहुणे आले. मी खालमानेने घडलेले सांगितले. मुलाचे वडील हसले. “आमच्या गावातबी ट्रॉली दिसली का अख्खं गाव घर झाडाले लागते. फावडं आना, व्याहीबुवा.” कन्या तर त्यांनी अद्याप पाहिलीही नव्हती.

आपण आपला अमूल्य वेळ खर्चून हे वाचन पूर्ण केलेत, त्याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. आपला नम्र, कवडू नगराळे, मुक्काम सेलू, जिल्हा वर्धा.