डावा मोठा

शेठने बेलीफबाईंना आधी स्टुलावर बसवलं आणि मग तो माणूस आपण नव्हेच, असं सांगितलं.

"नाव एकच, मॅडम. पण तो माझा चुलतभाऊ. दोघांनाही आजोबांचं नाव ठेवलं, तिथेच चुकलं. तो बायको-मुलाला टाकून परदेशात गेला आणि निस्तरतोय मी."

त्याने हे इतक्या सफाईने सांगितलं की ऐकणाऱ्याला त्याचीच दया यावी. बाईंना आली नाही. शेजारच्या राज्यातल्या कोर्टाने पोटगी-वसुलीचा हुकूम पाच वेळा इकडे बजावायला पाठवला होता. पाच बेलीफ या चपलांच्या दुकानात आले आणि पाचही जण 'सदर इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून परत गेले. प्रत्येकाच्या पायात जाताना नवा जोड होता. तिकडचा कारकून हुकुमावर त्याच्या बापाचं नाव लिहायला विसरला होता, आणि त्या एका गाळलेल्या शब्दात हा गृहस्थ सहा वर्षं ऐसपैस राहत होता.

आज सहावी खेप. आजही कागद तसाच परत गेला तर प्रकरण दप्तरी दाखल होणार होतं. मुलाच्या आईने मग पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात करायची.

"अहो, मॅडमना पाणी देऊ का?" गल्ल्यावरून त्याच्या बायकोने विचारलं. बिलबुकातून तिने मान वर केली नाही. चुलतभावाची गोष्ट तिला पाठ होती. लग्नाआधी तिलाही तीच सांगितली होती.

"पाणी कसलं, थंड मागव." शेठ बुटक्या स्टुलावर बाईंच्या पायाशी बसला. "काय हो ही चप्पल, मॅडम. टाच पार झिजलीय. द्या पाय इकडे. मी नुसता पाय बघून माणसाचं घराणं सांगतो. गावभर विचारा."

बाईंनी पाय मागे घेतला. फाईलमधून सहा कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवले.

"माझं राहू द्या. हे बघा."

प्रत्येक कागदावर पेन्सिलीने काढलेली दोन लहान पावलं होती. खटल्याच्या पहिल्या तारखेला त्याने न्यायाधीशांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, 'मी चपलांचा धंदा करतो, माझं पोर अनवाणी राहणार नाही, दरवर्षी माप पाठवा.' मुलाच्या आईने ते खरं मानलं. दर वाढदिवसाला मुलाला कागदावर उभं करून माप पाठवलं. सहाही पाकिटं 'घेण्यास नकार' असा शिक्का घेऊन परत आली आणि शेवटी तिने ती कोर्टात जोडली. बेलीफबाईंना एवढंच बघायचं होतं, की ते कागद हातात घेताना हा माणूस कसा दिसतो.

तो अगदी खुशीत दिसला.

"कोणी काढलंय हे? पेन्सिल तिरकी धरलीय. अशाने माप फुगतं." त्याने तारखा न बघता कागद बरोबर क्रमाने लावले. "सगळे एकाच पोराचे. आणि हे बघा, डावा पाय उजव्यापेक्षा एक नंबर मोठा. दुसऱ्या दुकानदाराच्या बापालाही कळायचं नाही. आमच्या आईच्या माहेरचा पाय आहे हा. आईचा असा, माझा असा, आमच्या मुलीचाही असाच. वडिलांकडे बघाल तर एकाचाही नाही."

"चुलतभाऊ वडिलांकडचाच ना?" बाईंनी विचारलं.

शेठने हसायचा प्रयत्न केला. बाईंनी आयुष्यात खुनी बघितले होते, दरोडेखोर बघितले होते, पण त्यांच्यापैकी कोणी आपल्या हुशारीवर इतका लट्टू झालेला त्यांना आठवेना. त्यांना त्याची किळस आली.

गल्ल्यावरचं बिलबुक मिटलं.

"बाई, ओळख पटवायला कोणीतरी लागतं ना?" त्याच्या बायकोने विचारलं.

"लागतं."

"कुठे सही करायची?"

"अगं, तुला यातलं काय कळतं?" शेठ म्हणाला. "हुकूम बजावला तर दुकानावर जप्ती येईल. मुलीचा तरी विचार कर."

"तोच करतेय."

तिने सही केली. 'इसमाशी नाते' या रकान्यात 'पत्नी' लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात. बाईंनी खाली 'सदर इसम समक्ष मिळून आला' असा शेरा लिहिला आणि हुकुमाची प्रत शेठच्या हातात दिली. त्याने ती वरून खाली वाचली.

"मागची सगळी वर्षंही धरणार का हो?" त्याने विचारलं.

बाई कागद गोळा करू लागल्या, तेव्हा बायकोने सर्वांत वरच्या कागदावर बोट ठेवलं.

"हे यंदाचं माप?"

"हो."

"किती नंबर?" तिने नवऱ्याला विचारलं.

"डावा तीन, उजवा दोन," तो सवयीने बोलून गेला. अजून तो त्याच बुटक्या स्टुलावर, बाईंच्या झिजलेल्या चपलांसमोर बसला होता.

मागच्या कपाटात खोकी छतापर्यंत रचलेली होती. मुलीसाठी दर वर्षी एका जोडाचा डावा आणि दुसऱ्या जोडाचा उजवा असे तिथूनच निघत. बायकोने कपाटाची किल्ली त्याच्या मांडीवर टाकली.

"ऊठ," ती म्हणाली. "दोन जोड फोड."