बोंबील विकून केलेल्या पाटल्या

मस्कतला नवऱ्याची नोकरी गेली, त्याच आठवड्यात चिंचणीहून रुचिताला भावाचा फोन आला. "ताई, आई माणसं विसरायला लागलीय. मला कधी ओळखते, कधी नाय. तुला भेटायचं असेल तर लवकर ये."

तिकिटाची सोय कुठूनच होईना. शेवटी रुचिताने हातातल्या पाटल्या काढल्या. आईने, काशीबाईंनी, त्या तिच्या लग्नात घातल्या होत्या. कित्येक वर्षं बोंबील सुकवून, डोक्यावर पाटी घेऊन, गावोगाव फिरून त्यांनी त्या जमवल्या होत्या. तिथला सोनार म्हणाला, "घडण जुनी आहे, वितळवाव्या लागतील. देऊ ना भट्टीत?" रुचिताने होकारार्थी मान हलवली. पाटल्या काय, पुन्हा करता येतील. आई कुठून आणायची?

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली, तेव्हा आई ओट्यावर उन्हाला बसली होती. रुचिता तिच्या पायाशी बसली आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आई, मी आली गं."

काशीबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, दारात आलेल्या परक्या बाईकडे बघावं तशा. मग त्यांची खरखरीत बोटं रुचिताच्या मोकळ्या मनगटांवरून फिरली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तुझ्या आईनं तुला कायच नाय दिलं का गं, बाय?"