एका मार्काचा आवाज

"दोन्ही ट्रान्झिस्टरना सारखाच सिग्नल दिला, तर बाहेर शून्य! दोघांत फरक असला, तर तेवढाच मोठा होऊन बाहेर येतो!" डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरची तीच आकृती मी पाचव्यांदा काढली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

खालच्या मजल्यावरची शलाका शांतपणे म्हणाली, "पण काका, दोघेही राबतायत ना? मग शून्य कसं?"

उद्या तिची तोंडी परीक्षा. नापास झाली, तर वर्ष जाणार. तीस वर्षं पॉलिटेक्निकात शिकवलेल्या मी कपाळाला हात लावला. "तुझ्या जुळ्या बहिणीला विचार. तिला कळलंय."

"तिचं नाव नका घेऊ! दोघींना सत्तर-सत्तर मार्क पडले, की आई चकार शब्द काढत नाही. तिला एक जास्त पडला, की अख्ख्या बिल्डिंगला ऐकू..." ती थांबली. आकृतीवर बोट ठेवून म्हणाली, "काका, ही तर आमची आई!"

दोघी पास झाल्या. पंचवीसपैकी शलाकाला बावीस, बहिणीला तेवीस. पेढे घेऊन कुणी आलं नाही. पण मी दारं-खिडक्या लावून बसलो होतो, तरी तो एक मार्क वरपर्यंत स्पष्ट ऐकू आला.