विहीर क्रमांक एक्केचाळीस

एकशे बारा विहिरी.

डोंगरावरचं बर्फ वितळण्याचा वेग.

तुपात निथळणारा शिरा.

सत्तर फूट सुतळी, टोकाला अर्ध्या किलोचं वजन.

केरबा शिपायाच्या खिशातलं शाईचं पेन.

लातूर जिल्हा नवा, म्हणून विद्यापीठाला नवा अभ्यासक्रम हवा होता: भूजल पदविका. पावसानं दुसऱ्या वर्षीही तोंड फिरवलेलं, म्हणून घाई. विश्रामगृहात समिती बसली होती आणि बशांवर माशा. समितीत सगळ्यांत धाकटा भीमा, तात्पुरता प्राध्यापक. मसुदा त्यानंच लिहिला होता. समोर आला तो टाइप केलेला कागद मात्र भलताच होता.

"सर, चौथं प्रकरण बर्फाचं आहे."

"असू द्या की," अध्यक्ष अण्णाराव म्हणाले. "डोंगराकडच्या विद्यापीठाचा हाय, जसाच्या तसा उतरवून घेतला. आपल्या पोरांनी बर्फाचं नाव बी काढू न्हाई का?"

"आणि विहिरी मोजायचं प्रात्यक्षिक?"

"ते काढलं."

दोन उन्हाळे भीमा रेणापूरच्या शिवारात एकशे बारा विहिरी मोजत सुतळी घेऊन हिंडला होता. प्रात्यक्षिक राहिलं असतं तर पोरांनी दर महिन्याला पाणी मोजलं असतं, आकडे तहसीलला गेले असते. जिथं पाणी, ती विहीर सरकार गावासाठी ताब्यात घेतं. भीमाची आई, भामाबाई, काल सकाळपासून टँकरच्या रांगेत घागर लावून बसली होती.

"हिरीत डोकावणं म्हंजे काय शिक्षण हाय का, भीमराव? ते गड्याचं काम. तुम्ही लई मनावर घ्यायलात."

उदगीरहून आलेले विरूपाक्ष सर हसले. का हसलो, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

भीमानं वही उघडली. "एक्केचाळीस नंबर. तहसीलच्या कागदावर कोरडी. मी मोजली तेव्हा अठरा फूट पाणी होतं."

"कुणाची म्हणं ती?"

"तुमची, सर."

एक माशी शिऱ्यात रुतली. तिला कुणी काढलं नाही. अण्णारावांनी बोटांचं तूप रुमालाला पुसलं, एकेक बोट सावकाश.

"माझ्या हिरीत सुतळी सोडली," ते म्हणाले. "तू?"

मग समोरची बशी त्यांनी भीमापासून वीतभर लांब सरकवली. घरी बायकोला सांगून विहिरीत गोमूत्र टाकायला लावतील, हे भीमाला त्यांच्या चेहऱ्यावरच वाचता आलं.

तो उठला. "बर्फाच्या या कागदावर माझी सही मिळणार नाही. एकमतानं मंजूर असं लिहू देणार नाही मी."

"नका देऊ," अण्णाराव म्हणाले आणि पुन्हा चमचा उचलला. "केरबा, चहा आण रे."

बैठक अकराला सुरू झाली होती. साडेदहाला केरबानं दारातच हजेरीच्या नावाखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. 'एकमताने मंजूर' ही ओळ वर घडीत दुमडलेली होती. तिच्याखाली तिसरी सही भीमाची.