पुढची सीट

"खिशात काही ठेवू नका," विमान शिकवणारा म्हणाला. "वर गेल्यावर एखादी वस्तू निसटून मागच्या पंख्यात गेली, तर दोघांनाही महागात पडेल."

चष्मेवाल्याने मोबाइल, पाकीट आणि गाडीची किल्ली काढून बायकोच्या हातात दिली. देताना त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. शिकवणारा तिच्याकडे बघतो का, हे तो बघत होता.

शिकवणारा बघत नव्हता. मुद्दाम बघत नाहीये, असं चष्मेवाल्याला वाटलं.

हा माणूस त्याच्या दुकानात उन्हाचा चष्मा करून घ्यायला आला होता. दुकान चष्मेवाल्याचं, पण डोळे तपासायची ती. लग्नाआधीपासून तेच तिचं काम. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीचं दार त्याने काढून टाकलं होतं आणि समोरच्या भिंतीवर आरसा असा लावला होता, की गल्ल्यावर बसल्याबसल्या ती दिसावी. त्या दिवशी आरशात दोघांची डोकी जवळ आलेली दिसली. मग ती हसलेली दिसली. घरी ती अशी शेवटची कधी हसली होती, ते त्याला आठवेना.

पुढे काही दिवसांनी तिच्या मोबाइलमध्ये या माणसाचा नंबर सापडला. तिचा मोबाइल तो रोज बघायचा. नवरा-बायकोत लपवायचं काय, असं त्याचं म्हणणं.

"हा कोण?"

ती ओट्याशी भांडी पुसत होती. "विमान शिकवतात ते. तुमच्या वाढदिवसाला एक फेरी द्यावी म्हटलं तुम्हाला. आता विचारून मजा घालवलीत."

"त्यासाठी इतके फोन?"

"हवा बिघडली की तारीख बदलते त्यांची."

उत्तर चोख होतं, म्हणूनच त्याला पटलं नाही. जायला मात्र तो लगेच तयार झाला. दोघांना एकदा समोरासमोर उभं केलं की डोळ्यांतलं कळतंच. त्याचा धंदाच डोळ्यांचा. "तूही चल," तो म्हणाला. तिला एकटीला मागे ठेवायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. तिचं माहेरी जाणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी चालवणंही त्याच सुमाराला सुटलं. तो असताना तिला गरज काय?

आता ती धावपट्टीच्या कडेला बाकावर बसली होती, पिवळ्या कुर्त्यात. शेजारी फुगलेली पिशवी. त्यात काय, हे त्याने निघतानाच विचारलं होतं. स्वेटर, ती म्हणाली होती, वर गारठा असतो. आणि परतीला भूक लागली तर डबा.

यान म्हणजे तीन चाकं, एकामागे एक दोन सीट आणि डोक्यावर पतंगासारखा ताणलेला कापडी पंख. दार नाही, छप्पर नाही. चष्मेवाला पुढे बसला. शिकवणारा मागे, इतका जवळ की त्याचे गुडघे याच्या कमरेला लागत होते. त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त आवाज हेल्मेटमधून थेट कानात येत होता. नको असलेला माणूस कानात शिरून बसावा, तसं झालं.

जमीन सुटली. त्याने आधी बाक शोधला. पिवळा ठिपका जागेवर होता. ठिपक्याने हात हलवला. त्याला बरं वाटलं. इथून तर आरशाचीही गरज नव्हती.

"समोर बघा साहेब," कानात आवाज आला. "सारखं खाली बघितलं की यान तिकडेच झुकतं. आता दांडा धरा. पुढे ढकलला की नाक वर, छातीकडे ओढला की वेग."

त्याने दांडा धरला. यानाने त्याचं ऐकलं. खालून शेतं सरकली, टेकडी आली, टेकडीपलीकडे तळं चकाकलं. वारा गालांवर आपटत होता आणि तो कुणावरही नजर ठेवत नव्हता. किती वेळ, ते त्यालाही कळलं नाही. मग एकदम आठवण झाली. त्याने मान वळवली. टेकडीआड धावपट्टी दिसेना.

"परत फिरू या."

"एवढ्यात? वळसा घालूनच जावं लागेल. टेकडीजवळचा वारा या वेळी चांगला नसतो."

विचारायचं ते चष्मेवाल्याने विचारून टाकलं. "माझ्या बायकोला तुम्ही ओळखता."

"वहिनींना? त्यांनीच तर चष्मा दिला. लांबचं झकास दिसतं."

"फोनवर बोलता तिच्याशी."

"बोललोय की."

"काय बोलता?"

दांड्यावरची मूठ आवळली आणि पंख डगमगला. मागून एक हात आला, त्याने यान सावरलं.

"सैल धरा, साहेब. घट्ट धरलं की हेही उलटी ओढ घेतं."

"मी काय विचारलं?"

"तुमच्याबद्दलच बोलायच्या त्या. दुसरं काही नाही. मी माझ्या मुलीच्या गमती सांगायला लागलो, तरी त्या पुन्हा तुमच्यावरच यायच्या."

चष्मेवाल्याच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. आवाजात खोट नव्हती. खोट त्याला ऐकू आली असती. बिचारी खरंच वाढदिवसाचं बघत होती. आज घरी गेल्यावर तिच्याशी दोन शब्द नीट बोलावं, असं त्याच्या मनात आलं. आरसा काढला तरी चालेल.

"माझ्याबद्दल काय?" त्याने विचारलं, आणि आपण हसतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"बाकीच्या बायका विचारतात, पडणार नाहीत ना, घाबरणार नाहीत ना," शिकवणारा म्हणाला. "वहिनी प्रत्येक वेळी एकच विचारायच्या. एकदा वर गेले, की ते किती वेळ खाली येऊ शकत नाहीत?"