लेकीच्या मागची भिंत

"रचनाबाय, प्लास्टरच्या आधी भिंतीचा फोटो काढून ठेव. मागाहून भिंत बोलायची न्हाय," गवंडी कृष्णाजी म्हणाले होते. "काका, कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये सगळं आहे," म्हणत इंजिनीअर रचनानं ते हसण्यावारी नेलं.

पुढे ते दोघं बांधत होते त्या काशीदच्या रिसॉर्टच्या भिंतीतून पाणी गळू लागलं. "म्हाताऱ्या गवंड्यानं पाण्याचा पाइप भलतीकडेच टाकला, म्हणून त्याला आमचं ड्रिल लागलं," एसीवाले म्हणाले. मॉडेलमध्ये पाइप जागेवर होता; पण भिंतीत? कृष्णाजी थापी-ओळंबा उचलून म्हसळ्याला निघून गेले.

मग रचनाला मोबाइलमध्ये एक फोटो सापडला: साइटवर पहिलं पाऊल टाकणारी तिची लेक. मागे प्लास्टरआधीची उघडी भिंत, पाइपसकट. तिनं तो फोटो मॉडेलवर ठेवला. पाइप तंतोतंत जुळला! एसीवाल्यांनी चूक कबूल केली.

कृष्णाजी मात्र फोन उचलत नाहीत. म्हसळ्याकडे जाणार असाल, तर जरा त्यांना बघून या ना. म्हणावं, पुढच्या भिंतीला तेच हवेत.